मॉरिशस: फिरायला जाणाऱ्यांचे आणि राहायला जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशसविषयी आपल्याकडे दोन गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. एक म्हणजे हनिमूनची पॅकेजं, आणि दुसरी म्हणजे "तिथे सगळे आपलेच लोक." पहिल्या गोष्टीतून देश कळत नाही, आणि दुसरी अर्धीच खरी आहे. खालची उत्तरं आठवडाभरासाठी जाणाऱ्यांना तर उपयोगी पडतीलच, पण नोकरी, शिक्षण किंवा लग्नामुळे तिथे मुक्काम हलवणाऱ्यांनाही पडावीत, अशा बेताने लिहिली आहेत.

मॉरिशस नेमकं कुठे आहे आणि केवढं आहे?

हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात, मादागास्करच्या पूर्वेला साधारण ८०० किलोमीटरवर. मुख्य बेटाचं क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ गोव्याच्या निम्मं. लोकसंख्या मात्र साडेबारा लाखांच्या आसपास, त्यामुळे दाटी आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त. मुख्य बेटापासून सुमारे ५६० किलोमीटर पूर्वेला रॉड्रिग्ज हे दुसरं वस्तीचं बेट आहे आणि त्याला २००२ पासून स्वायत्तता आहे. राजधानी पोर्ट लुई वायव्य किनाऱ्यावर, तर विमानतळ आग्नेयेला माहेबुर्गजवळ. दोन्हींच्या मध्ये अख्खं बेट येतं. म्हणून उत्तरेला ग्राँ बेच्या बाजूला हॉटेल घेतलं असेल, तर परतीच्या दिवशी हातात पुरेसा वेळ ठेवा. पोर्ट लुईच्या वाहतूककोंडीत दीड-दोन तास सहज जातात.

बेट ज्वालामुखीतून तयार झालेलं आहे. मधोमध पठार, भोवती धारदार सुळक्यांचे डोंगर आणि त्यांच्याभोवती प्रवाळाची जवळजवळ सलग तटबंदी. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचं आहे. सह्याद्रीत चढणाऱ्या माणसाला ही उंची किरकोळ वाटेल, पण पीटर बॉथ किंवा ल पूस पाहिलात तर आकार ओळखीचे वाटतील. शेवटी दोन्हीकडचा दगड बसाल्टच.

व्हिसा लागतो का?

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही. विमानतळावर प्रवेशाचा शिक्का मिळतो. त्या वेळी परतीचं तिकीट, राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा आणि खर्चापुरते पैसे दाखवायची तयारी ठेवा. प्रवासापूर्वी भरायचा ऑनलाइन फॉर्मही आहे. तो विमानात बसण्याआधी भरून ठेवा, रांगेत उभं राहून फोनवर भरत बसू नका. ओळखीच्यांकडे उतरणार असाल तर त्यांचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहून घ्या. "मामेभावाकडे" एवढं सांगून अधिकाऱ्याचं समाधान होत नाही. एखाद्या आफ्रिकी देशातून येत असाल तर पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं.

मुंबईहून थेट विमान आहे. प्रवास साधारण साडेसहा तासांचा. घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे.

कोणत्या महिन्यात जावं?

बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला वीस अंशांवर आहे, त्यामुळे ऋतू उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा: उकाडा, दमटपणा, पाऊस. मे ते ऑक्टोबर त्यांचा हिवाळा, पण किनाऱ्यावर तो आपल्या महाबळेश्वरच्या सुखद दिवसांसारखाच. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणं म्हणूनच सोयीचं पडतं. जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून जोराचे वारे येतात, तेव्हा पूर्व किनाऱ्यापेक्षा उत्तर आणि पश्चिम बाजू बरी. पठारावरचं क्युरपीप वर्षभर ओलं आणि गार असतं. किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना तिथे छत्री लागते, तेव्हा एक स्वेटर जवळ असू द्या.

डिसेंबरच्या अखेरीस गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. पण त्याच दिवसांत लिचीचा हंगाम असतो आणि रस्त्याकडेचे गुलमोहर फुललेले असतात, हेही खरं.

चक्रीवादळ आलं तर काय करायचं?

जानेवारी ते मार्च हा वादळांचा मुख्य काळ. इशाऱ्याचे एक ते चार असे वर्ग आहेत आणि तिथलं शेंबडं पोरही ते जाणतं. वर्ग तीन लागू झाला की व्यवहार थांबतात, बस बंद होतात, लोक घरात पाणी आणि मेणबत्त्या भरून ठेवतात. वर्ग चार म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत सुरू झालेले असतात. अशा वेळी हॉटेलचे लोक सांगतील तसं निमूट वागा. वारा अचानक थांबला म्हणून बाहेर पडू नका: वादळाचा डोळा बेटावरून जात असेल तर थोड्या वेळाने वारा उलट दिशेने परत येतो. १९६० च्या कॅरोल वादळाने हजारो घरं जमीनदोस्त केली. आज तिथली घरं चौकोनी, सपाट छपराची, काँक्रीटची दिसतात त्यामागे या वादळांची आठवण आहे. घरं "रुक्ष" म्हणून नाक मुरडण्याआधी हे लक्षात असू द्या.

तिथे कोणती भाषा बोलतात? हिंदीवर भागेल का?

घरात, रस्त्यावर, बसमध्ये क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली. वर्तमानपत्रं मुख्यतः फ्रेंचमध्ये. संसद, कायदे आणि सरकारी कागद इंग्रजीत. म्हणजे साधारण शिकलेला माणूस एका दिवसात तीन भाषा वापरतो आणि चौथी, पूर्वजांची भाषा, शाळेत शिकलेला असतो. इंग्रजीवर तुमचं सगळं भागेल. हिंदी बऱ्याच लोकांना समजते, मालिका आणि सिनेमांमुळे विशेषच. पण चेहरा भारतीय दिसला म्हणून थेट हिंदीत सुरुवात करू नका. समोरचा माणूस तमिळ असेल, तेलुगू असेल किंवा क्रिओलखेरीज घरात काहीच न बोलणारा असेल.

दुकानात शिरताना "बोंझूर" म्हणणं हा तिथला साधा शिष्टाचार आहे. तो चुकला तर माणूस उद्धट ठरतो. "की मान्येर?" म्हणजे कसं काय, उत्तर "कोरेक." निघताना "सलाम." एवढ्या चार शब्दांनी भाजीवालीचा चेहरा खुलतो.

मॉरिशस म्हणजे "छोटा भारत" ना?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून उत्तरही जरा सविस्तर.

या बेटावर मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. १५९८ मध्ये डच उतरले, त्यांनी नासाऊच्या मॉरिसचं नाव बेटाला दिलं. डोडो पक्षी त्यांच्याच काळात नाहीसा झाला, आणि १७१० मध्ये डच बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणून पोर्ट लुई आणि उसाचे मळे उभे केले. १८१० मध्ये इंग्रज आले, पण भाषा, कायदे आणि मळे त्यांनी बरेचसे फ्रेंचांचेच राहू दिले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली, पण ती संपणार हे आधीच ठरलं होतं आणि मळ्यांसाठी नवे हात हवे झाले होते. ते हात भारतातून आणले गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी अ‍ॅटलस जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख भारतीय करारावर तिथे गेले. कोलकाता, मद्रास आणि मुंबई, तिन्ही बंदरांतून. करार कागदावर स्वेच्छेचा होता, पण मळ्यावरची हजेरी, दंड आणि पगारकपात पाहिली तर त्या शब्दाचा फारसा अर्थ उरत नाही.

आज निम्म्याच्या जवळपास लोक हिंदू आहेत, सुमारे एक तृतीयांश ख्रिस्ती, सतरा-अठरा टक्के मुसलमान. चिनी वंशाची छोटी पण जुनी वस्ती आहे, फ्रेंच मळेवाल्यांचे वंशज आहेत, आणि गुलामांचे वंशज असलेला मोठा क्रिओल समाज आहे. देशाला भाषा क्रिओलांनी दिली, सेगा हा नाचगाण्याचा प्रकारही त्यांनीच दिला. राव्हान या हातवाद्यावरच्या सेगाला २०१४ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारसा म्हणून मान दिला. "छोटा भारत" म्हटलं की ही सगळी माणसं एका फटक्यात पुसली जातात. तिथल्या भारतवंशीयांनाही हा शब्द नेहमी रुचतोच असं नाही. ते स्वतःला मॉरिशियन म्हणतात, आणि पाच-सहा पिढ्यांनंतर ते योग्यच आहे.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट (युनेस्को यादीत २००६ पासून) आणि ले मॉर्नचा डोंगर (२००८ पासून) एकाच सहलीत पाहा. घाटाच्या पायऱ्यांवरून मजूर बेटावर चढले. ले मॉर्नच्या कड्यांवर पळालेले गुलाम लपून राहत. एक पाहून दुसरं सोडलं, तर देशाची अर्धी गोष्ट ऐकल्यासारखं होईल.

मराठी माणसं भेटतील का?

भेटतील. संख्येने हा समाज लहान आहे, पण टिकून आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतून माणसं मुंबई बंदरात आली आणि तिथून करारावर गेली. वाकोआ, कॅस्कावेल आणि पश्चिमेकडच्या गावांत त्यांची वस्ती झाली. आडनावांवरून ओळखायला जाल तर फसाल. नोंदणी करणाऱ्या कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं, आणि पणजोबांचं पहिलं नावच अनेक घरांचं आडनाव होऊन बसलं.

मराठी तिथे शाळेत शिकवली जाते, सरकारी रेडिओ-दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम होतात, आणि मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशनसारख्या संस्था गावोगावच्या मंडळांना बांधून ठेवतात. मराठीत अस्खलित गप्पा मारणारे थोडे. आरत्या, अभंग आणि लग्नातली गाणी तोंडपाठ असणारे पुष्कळ. आपल्या कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून जिवंत आहे आणि गणपतीत ती पाहायला मिळाली तर हॉटेलचा "मॉरिशियन नाइट" खुशाल चुकवा. समोरच्याचं मराठी अडखळलं तर दुरुस्त करू नका. दीडशे वर्षं, दोन समुद्रांपलीकडे, शेजारी सगळे क्रिओल बोलत असताना जी भाषा घरात राहिली, तिला व्याकरणाचे गुण द्यायचे नसतात.

गणेशोत्सव तिथे राष्ट्रीय सुट्टी मिळालेला सण आहे. सुट्टी मात्र चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाला धरून असते. त्या दिवशी नद्यांकडे आणि समुद्राकडे मिरवणुका जातात. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेही आता मराठी पाहुण्यांच्या यादीत असतं.

कुणाच्या घराण्यातला माणूस "मिरीचदेशी", म्हणजे मॉरिशसला, गेल्याची आठवण असेल, तर मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये करारावरच्या मजुरांच्या नोंदवह्या आहेत. गाव, जहाज, वय, काहींचे फोटोसुद्धा. उलट बाजूने, तिथल्या भारतवंशीयांना ओसीआय कार्डासाठीची (परदेशी नागरिक असलेल्या भारतवंशीयांना भारत देतो ते कार्ड) पात्रता सातव्या पिढीपर्यंत वाढवल्याची घोषणा भारताने २०२४ मध्ये केली. त्यानंतर कोकणातल्या मूळ गावाचा शोध घेणाऱ्यांना आणखी एक कारण मिळालं आहे. अशा कुणी तुमच्या गावाचं नाव विचारलं, तर पाच मिनिटं देऊन नीट ऐका. कागदावरचं नाव फ्रेंच उच्चारात बदललेलं असतं, पण शेजारच्या दोन गावांची नावं सांगितली की आपल्याला पत्ता लागतो.

गंगा तलावाला केव्हा जावं?

ग्राँ बासँ, म्हणजेच गंगा तलाव, हे डोंगरातलं विवराचं तळं. काठाशी ३३ मीटर उंचीचा महादेव उभा आहे. महाशिवरात्रीच्या आधीचे दिवस हा बेटावरचा सर्वांत मोठा सोहळा असतो. लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत, सजवलेली कावड घेऊन पायी येतात, आणि वाटेत हिंदू नसलेले शेजारीही सरबत-फळं घेऊन उभे असतात. वारी पाहिलेल्या माणसाला हे चित्र लगेच कळेल. गाडीने जायचं असेल तर ते दिवस टाळा, रस्ते भरलेले असतात. तलावावर माकडं आहेत, हातात केळी उघडी ठेवू नका.

पैसे कोणते न्यावेत?

चलन मॉरिशियन रुपया. गेल्या काही वर्षांत त्याची किंमत पावणेदोन ते दोन भारतीय रुपयांच्या आसपास राहिली आहे. नोटांवर हिंदी आणि तमिळ अक्षरंही दिसतील. फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय आणि रूपे तिथे सुरू झाले आहेत. निघण्यापूर्वी अ‍ॅपमधली आंतरराष्ट्रीय व्यवहारांची सोय चालू करून घ्या. तरी बाजार, बस आणि खाण्याच्या गाड्यांसाठी रोकड लागतेच.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

मुळीच नाही. सकाळी कोणत्याही गावात काचेच्या पेटीत ढोल पुरी घेऊन बसलेला माणूस दिसेल. ही म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळी: डाळ शिजवून, वाटून, हळद-जिरं घालून पोळीत भरलेली. पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, रुगाय म्हणजे टोमॅटोचा रस्सा, लोणचं आणि मिरची घालून, कागदात गुंडाळून दोन-दोनच्या जोडीने देतात. "एन पेर" म्हटलं की एक जोडी. गातो पिमाँ म्हणजे डाळीचे छोटे तिखट वडे. ते लोक पावात लोणी लावून त्यात घालून खातात आणि आपल्या वडापावाच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. अलुदा हे सब्जा घातलेलं गार दूध पोर्ट लुईच्या बाजारात प्या. सणाला केळीच्या पानावर सात भाज्यांचं जेवण असतं. कुणी बोलावलं तर जा, हॉटेलात ती चव येत नाही.

चिनी खाणावळीत "साँ लाव्यान" म्हणजे मांसाशिवाय. पण मासळी आणि अंडं त्यात धरलं जाईलच असं नाही, वेगळं सांगा. चहात व्हॅनिलाचा वास येईल. तो तिथला पसंतीचा प्रकार आहे.

फिरायचं कसं?

गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, म्हणजे भाड्याची गाडी घेताना प्रश्न येत नाही. उसाच्या शेतांमधले रस्ते अरुंद, आणि रात्री पायी चालणारे लोक दिसत नाहीत. बस सगळीकडे जाते, स्वस्त आहे, पण खेड्यांत संध्याकाळी लवकर बंद होते. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा. १८६४ ते १९६४ अशी शंभर वर्षं बेटावर रेल्वे होती. ती गेल्यावर रुळांवरचा प्रवास परत आला तो २०१९ मध्ये, मेट्रो एक्स्प्रेसच्या रूपाने. भारताच्या मदतीने, लार्सन अँड टुब्रोने बांधलेली ही लाइन पोर्ट लुईहून रोझ हिल, कात्र बोर्न करत क्युरपीपला जाते. एकदा तरी टोकापासून टोकापर्यंत बसा. पर्यटकांच्या किनाऱ्यापासून लांब, शाळा सुटल्यावरचा आणि ऑफिस सुटल्यावरचा देश त्या डब्यात दिसतो.

समुद्र सुरक्षित आहे का?

प्रवाळाच्या आतलं पाणी शांत आणि उथळ असतं. धोका प्रवाळाच्या खिंडींजवळ आणि दक्षिणेला ग्री ग्रीसारख्या ठिकाणी, जिथे प्रवाळच नाही आणि लाटा सरळ कड्यावर आदळतात. तिथे पोहायचं नाही. पाण्यात रबरी बूट घाला, सागरी साळी (काटेरी गोळ्यासारखे जीव) आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा पायाखाली येऊ शकतो. किनारा कायद्याने सगळ्यांचा आहे. मोठ्या हॉटेलसमोरच्या वाळूवरही तुम्ही बसू शकता. प्रवाळ आणि शिंपले उचलून आणू नका, ते बेकायदा आहे. जुलै २०२० मध्ये वाकाशियो जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून तेल सांडलं, तेव्हा लोकांनी उसाचं पाचट आणि स्वतःचे कापलेले केस कापडात भरून तरंगते बांध केले होते. समुद्राविषयी तिथली माणसं हळवी आहेत, त्याला हे कारण आहे.

राहायला, काम करायला जायचं असेल तर?

पर्यटक म्हणून जाऊन तिथे नोकरी करता येत नाही. कौशल्याच्या नोकरीसाठी ऑक्युपेशन परमिट लागतं, त्याचं काम इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाकडे चालतं. परदेशातल्या कंपनीचं काम घरबसल्या करणाऱ्यांसाठी २०२० पासून एक वर्षाचा प्रीमियम व्हिसा आहे. एजंटाला पैसे देण्याआधी कराराची प्रत हातात घ्या आणि पगार, राहण्याची सोय व परतीचं तिकीट कोण देणार हे त्यात लिहिलेलं आहे का ते वाचा. कापड गिरण्या आणि बांधकामावर जाणाऱ्यांनी तर नक्कीच. शाळांत शेवटच्या परीक्षा केंब्रिजच्या असतात, आणि आपल्या बोर्डातून मधेच आलेल्या मुलाला फ्रेंचचा भार पहिल्या वर्षी जाणवतो. लवकर शिकवणी लावा. स्टेट बँक आणि बँक ऑफ बडोदा तिथे आहेत. "चिली" हे मोबाइल सिम आपल्या एमटीएनएलच्या उपकंपनीचं आहे.

बाकी कोणते नियम आणि कोणते नंबर लक्षात ठेवायचे?

अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत. झोपेच्या, मानसिक आजारांवरच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्या नेत असाल तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आणि मूळ वेष्टन सोबत हवं, आणि त्या औषधाला परवानगी लागते का ते आधी तपासा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. मलेरियाची भीती नाही, पण डेंग्यू आणि चिकुनगुन्याच्या साथी येतात, डासांचं मलम वापरा. प्रवासविमा घ्या. विजेचे सॉकेट बहुतेक इंग्लंडच्या पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे. आपलं चार्जर त्यात बसत नाही, म्हणून अडॅप्टर न्या.

देशाचा कोड २३०. पोलीस ९९९ किंवा ११२, रुग्णवाहिका ११४, अग्निशमन ११५.